महाविद्यालयीन खेळाडूंच्या मार्गदर्शन-संकेतस्थळाची पुनर्रचना: सुरुवात कोठून करावी?

प्रश्न: दादर_पश्चिम

नमस्कार. मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रातील महाविद्यालयांमधून खेळणाऱ्या मुलामुलींची माजी खेळाडूंशी गाठ घालून देणारे एक लहानसे संकेतस्थळ आमचा गट काही वर्षांपासून चालवतो. गटातील बहुतेक जण स्वतः आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळलेले आणि आता बँक, रेल्वे, शिक्षण, फिजिओथेरपी अशा ठिकाणी स्थिरावलेले आहेत. आजवर पदरमोड करूनच हे काम चालले. यंदा प्रथमच एका देणगीदाराने संकेतस्थळ नव्याने बांधण्यासाठी पैसे देऊ केले, आणि नेमके काय बांधावे यावर आमच्यात एकमत होईनासे झाले.

सध्याची रचना साधी आहे. खेळ निवडला की त्या खेळातील मार्गदर्शकांची आद्याक्षरांनुसार यादी येते. प्रत्येकाचे छायाचित्र, पदके, सध्याचा हुद्दा आणि खाली 'संपर्क साधा' असे बटण. नोंदणी भरपूर होते. मुले आपली माहिती हौसेने भरतात, यादी खालीवर पाहतात आणि निघून जातात. जे थोडे संदेश येतात त्यांतील बहुतेकांत 'सर, मार्गदर्शन करा' याखेरीज काही नसते. मार्गदर्शक विचारतात, 'कशाबद्दल?' त्यावर एक तर उत्तर येत नाही, किंवा 'करिअरबद्दल' एवढेच येते आणि संवाद तिथेच खुंटतो. तीच मुले मैदानावर भेटली की मात्र तासभर बोलतात. मरीन लाइन्सच्या विद्यापीठ मैदानावर सामना संपल्यावर बूट सोडता सोडता जे प्रश्न निघतात, ते अगदी नेमके असतात: आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि सत्र परीक्षा एकाच आठवड्यात आल्या तर अर्ज कोणाकडे करायचा, गुडघ्याचा एमआरआय काढला पण आता तो कोणाला दाखवायचा, क्लब बदलला तर संघटना अडवेल का, भरतीची जाहिरात आली आहे पण शेवटचे वर्ष अजून बाकी आहे तर काय करावे.

एका व्यावसायिक कंपनीने आम्हाला नव्या रचनेचा प्रस्ताव दिला आहे. त्यात मुखपृष्ठावर हलते चित्रीकरण, प्रत्येक सदस्याची स्वतंत्र भिंत (त्याने लिहिलेले इतरांना दिसेल असे पान), 'फॉलो' करण्याची सोय, सक्रिय सदस्यांना गुण आणि बिल्ले, सतत खाली सरकत राहणारी फीड आणि या सगळ्याचे एक ॲप आहे. नमुना म्हणून अमेरिकी महाविद्यालयीन खेळाडूंसाठीची काही संकेतस्थळे दाखवली गेली. ती देखणी आहेत हे नाकारता येणार नाही, आणि आमच्यातील तरुण सदस्यांना ती मनापासून आवडली आहेत. ज्येष्ठांचे म्हणणे असे की मुळात मुले लिहीतच नसतील, तर भिंत रंगवून काय साधणार?

या विषयात काम केलेल्यांकडून मला हे जाणून घ्यायचे आहे, की मर्यादित पैशांत पुनर्रचनेची सुरुवात कोठून करावी, फीड आणि ॲप यांची खरोखर गरज आहे का, आणि मार्गदर्शक व खेळाडू यांच्यातील पहिला संवाद सुरू व्हावा यासाठी रचनेत नेमके काय बदलता येईल. सविस्तर उत्तरांचे स्वागत आहे.

प्रतिसाद १: रेखाटन

मी संकेतस्थळांच्या रचनेचे काम करते आणि महाविद्यालयात असताना खो-खो खेळले आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी थोडे लिहिते.

तुमच्या वर्णनात उत्तर जवळजवळ आलेलेच आहे. सध्याचे संकेतस्थळ खेळाडूला आधी माणूस निवडायला सांगते आणि प्रश्न नंतर विचारते. एकोणीस वर्षांच्या मुलीला छायाचित्रे, पदके आणि हुद्दे यांची यादी दाखवून 'यांपैकी कोणाला लिहितेस?' असे विचारले, तर ती बहुधा कोणालाच लिहिणार नाही. आणि लिहिलेच तर मोठ्या माणसाला लिहायचे म्हणून इतके जपून लिहील की त्यात 'मार्गदर्शन करा' याशिवाय काही उरणार नाही. मैदानावर हा संकोच नसतो, कारण तिथे प्रश्न आधी निघतो आणि जो शेजारी बसलेला असतो तो उत्तर देतो. म्हणून माझी सूचना अशी, की हा क्रम उलटा करावा. मुखपृष्ठावर यादी नको, चित्रीकरण नको. 'काय अडले आहे?' असा एकच प्रश्न आणि त्याखाली पाच-सहा मोठी बटणे असावीत: दुखापत, परीक्षा व हजेरी, नोकरी व भरती, प्रमाणपत्रे, क्लब किंवा संघ, आणि घरचे. (शेवटचे बटण तुम्ही बहुधा गाळाल, कृपया गाळू नका. 'आता पुरे झाला खेळ' हे वाक्य कोणत्या घरात कधी ऐकू येते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.) बटण दाबल्यावर त्या विषयापुरत्या दोन-तीन छोट्या विचारणा असाव्यात. दुखापत असेल तर कोणता अवयव, केव्हापासून, डॉक्टरांना दाखवले आहे का. भरती असेल तर कोणते वर्ष, कोणत्या स्तरापर्यंत खेळणे झाले आहे. त्यानंतर तीन-चार ओळी मोकळ्या लिहायला जागा. एवढे झाल्यावरच, त्या प्रकारच्या प्रश्नांची उत्तरे देण्याची तयारी दाखवलेले दोन किंवा तीन मार्गदर्शक समोर यावेत. यादी लांबली की निवड पुन्हा अडते.

यामुळे मार्गदर्शकाच्या ओळखपानाचे स्वरूपही बदलेल. पदके खाली जातील आणि वर येतील त्याच्या वाटेतील वळणे: 'तृतीय वर्षाला असताना गुडघ्याची शस्त्रक्रिया, एक हंगाम बाहेर, नंतर बँकेची परीक्षा' किंवा 'रत्नागिरीहून मुंबईला आलो, वसतिगृह मिळाले नाही, दोन वर्षे नातेवाइकांकडे राहून सराव'. अशी एक ओळ वाचून मुलगी लिहिते, कारण तिला तिथे आपली अडचण दिसते. पदक पाहून तिला फक्त आदर वाटतो, आणि आदराने तिची लेखणी अधिकच अडखळते.

अमेरिकी नमुन्यांविषयी. तिथे खेळाडू, प्रशिक्षक, मैदान, शिष्यवृत्ती आणि माजी विद्यार्थी हे सगळे एकाच विद्यापीठाच्या क्रीडा विभागाभोवती बांधलेले असतात, त्यामुळे 'आपल्या विद्यापीठाचा माजी खेळाडू' ही ओळखच पुरेशी होते. शिवाय १ जुलै २०२१ पासून तिथल्या महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःचे नाव व प्रतिमा वापरून जाहिरातींतून कमाई करण्याची मोकळीक मिळाली, तेव्हापासून अनेक संकेतस्थळांचा भर खेळाडूने आपली प्रसिद्धी कशी वाढवावी यावर आहे. भिंत, फॉलो, बिल्ले हे सगळे त्या गरजेतून आलेले आहे. आपल्याकडील कबड्डीपटू महाविद्यालयाकडून एका ठिकाणी, क्लबकडून दुसऱ्या ठिकाणी आणि जिल्ह्याकडून तिसऱ्या ठिकाणी खेळतो; त्याची निष्ठा, त्याचे प्रशिक्षक आणि त्याचे प्रश्न तीन जागी विभागलेले असतात. त्यामुळे 'महाविद्यालय' हा एकच रकाना ठेवून जोड्या लावल्या तर त्या चुकतील. क्लबचा आणि जिल्ह्याचा रकाना हवा.

फीडबद्दल माझे मत स्पष्ट आहे: नको. फीड जिवंत ठेवायला रोज लिहिणारे लोक लागतात. ते नसले की आठ महिन्यांपूर्वीची शुभेच्छा सर्वांत वर दिसत राहते आणि आलेला माणूस समजतो की येथे कोणी नाही. आणि फीड चाललीच, तर ती क्रिकेटपटूंची आणि पदकविजेत्यांची होईल. वॉटरपोलो किंवा मल्लखांब खेळणारा तिथेही कोपऱ्यातच राहील. ॲपदेखील आत्ता नको. चांगले चालणारे, मोबाइलसाठी बांधलेले संकेतस्थळ पुरे. विद्यापीठाचे क्षेत्र मुंबईपासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले आहे, हे रचनाकारांना नकाशावर दाखवा. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा असा गुगलचा निकष आहे. तो कार्यालयातील वायफायवर तपासण्यात अर्थ नाही. स्वस्त अँड्रॉइड फोन घेऊन संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये पान उघडून पाहावे, आणि मग मुखपृष्ठावरील चित्रीकरणाविषयी निर्णय घ्यावा.

शेवटी चाचणीविषयी. पाच वापरकर्त्यांसोबत चाचणी घेतली तरी रचनेतील बहुतेक ठळक अडचणी उघड होतात, असे संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी २००० मध्ये मांडले होते. त्या आकड्यावर वाद आहेत, पण लहान गटांसाठी ते आजही उपयोगी आहे. मात्र ही चाचणी बैठकीच्या खोलीत घेऊ नये. बटणे छापलेले कागद किंवा अर्धवट बांधलेले पान घेऊन सरावाच्या जागी जावे. आम्ही एकदा दुसऱ्याच एका कामासाठी मल्लखांबाच्या सरावानंतर मुलांच्या हाती फोन दिला होता. खांबाला लावलेल्या एरंडेलाने सर्वांची बोटे माखलेली होती, आणि आमची नाजूक, रेखीव बटणे एकालाही धड दाबता येईनात. एक मुलगा शेवटी कोपराने दाबू लागला. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.२ या मानकात बटणाचा किमान आकार २४ बाय २४ पिक्सेल सांगितला आहे, गुगलची शिफारस ४८ची आहे. खेळाडूंसाठी बांधताना मी ४८च्या खाली जाणार नाही.

दादर_पश्चिम

अतिशय आभारी आहे. क्रम उलटा करण्याची कल्पना आमच्या बैठकीत कोणीच मांडली नव्हती. एक शंका: दोन-तीनच मार्गदर्शक दाखवले तर ठरावीक लोकांवर ओझे पडणार नाही का? आमच्याकडील काही मार्गदर्शक आताच 'थोडे दिवस माझे नाव काढून ठेवा' असे सांगू लागले आहेत.

प्रतिसाद २: चढाई_सात

मी जिल्ह्याकडून आणि विद्यापीठाकडून कबड्डी खेळलो, क्रीडा कोट्यातून नोकरीला लागलो, आणि अशा दोन उपक्रमांत मार्गदर्शक म्हणून नाव दिले होते. त्यामुळे मार्गदर्शकाच्या बाजूने चार गोष्टी मांडतो.

ओझे पडते, आणि ते ठरावीक काळात पडते. भरतीची जाहिरात निघाली की एका आठवड्यात सगळ्यांचे एकाच आशयाचे संदेश येतात. इतर महिने शुकशुकाट असतो. म्हणून मार्गदर्शकाला 'एका वेळी दोन किंवा तीनच खेळाडू' अशी मर्यादा स्वतः ठरवता यावी. मर्यादा भरली की त्याचे नाव आपोआप यादीतून बाजूला व्हावे, आणि संवाद संपल्याची खूण केली की परत यावे. कोणाला फोन करून 'माझे नाव काढा' असे सांगावे लागणे हेच मुळात अवघड वाटते. त्यापेक्षा माणूस उत्तर देणे थांबवतो. आणि खेळाडूच्या दृष्टीने अनुत्तरित संदेश हा सर्वांत वाईट अनुभव असतो. त्याने धीर करून लिहिलेले असते. सात दिवसांत उत्तर आले नाही तर प्रश्न दुसऱ्या मार्गदर्शकाकडे जावा आणि तसे खेळाडूला कळवले जावे, एवढी सोय केली तरी निम्मी नाराजी टळेल.

दुसरे असे की बरेच प्रश्न तेच तेच असतात, त्यासाठी माणूस खर्ची घालू नये. प्रमाणपत्रांचे पाहा. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण (प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतच लागू होणारे) आहे. त्याविषयी २००५ चा आणि नंतर सुधारित तरतुदींचा १ जुलै २०१६ चा शासन निर्णय आहे, आणि त्यातही पुढे बदल झालेले आहेत. कोणत्या गटातील पदासाठी कोणत्या दर्जाची स्पर्धा ग्राह्य, प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून कशी करून घ्यायची, हे प्रत्येक मुलाला वेगळे समजावत बसण्यात मार्गदर्शकाचा वेळ जातो, आणि ऐकीव माहितीवर सांगितले तर मुलाचे नुकसान होते. अशा विषयांसाठी संकेतस्थळावर नोंदणीशिवाय वाचता येतील अशी पाने असावीत. प्रत्येक पानावर ते शेवटचे कधी तपासले ती तारीख ठळक असावी आणि मूळ शासन निर्णय जोडलेला असावा. माझ्या पाहण्यात दोन-तीन वर्षे जुनी माहिती मुले छापून घेऊन फिरत होती. तारीख नसलेले पान काढून टाकलेले बरे.

तिसरी गोष्ट स्पर्धांच्या स्तरांची. नोंदणीच्या फॉर्ममध्ये सगळीकडे 'राज्य, राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय' असे तीनच पर्याय असतात. महाविद्यालयीन खेळाडूचा जिना वेगळा आहे: महाविद्यालयाचा संघ, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतील विभागीय फेरी, मग विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी, पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, अखिल भारतीय आंतरविद्यापीठ, आणि २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा. हे टप्पे फॉर्ममध्ये जसेच्या तसे असतील तर मुलाला पहिल्याच पानावर कळते, की हे आपल्यासाठी आणि आपल्यातल्याच कोणीतरी बनवले आहे. 'निवड चाचणीपर्यंत पोहोचलो, संघात नाही' हाही पर्याय ठेवा. ज्यांना सल्ल्याची सर्वाधिक गरज असते ती मुले नेमकी त्या पायरीवर उभी असतात, आणि 'राज्य' किंवा 'राष्ट्रीय' यांपैकी काहीच निवडता येत नाही म्हणून फॉर्म सोडून जातात.

मुखपृष्ठावर मोठी नावे लावण्याचा मोह सर्वांना होतो. नेमबाज स्वप्निल कुसाळे यांनी मध्य रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी करत करत २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठली आणि पुढे प्रशासनात काम केले. नोकरी आणि खेळ यांचा मेळ दाखवायला ही उदाहरणे उत्तम आहेत, एखाद्या पानावर अवश्य असावीत. परंतु विभागीय फेरीत हरलेला मुलगा त्यांना काय विचारणार? त्याला दोन वर्षांपूर्वी त्याच फेरीत हरलेला आणि आता कुठेतरी नीट लागलेला माणूस हवा असतो. असे लोक स्वतःहून मार्गदर्शक म्हणून नाव देत नाहीत, कारण आपल्याजवळ सांगण्याजोगे काही नाही असे त्यांना वाटते. त्यांना शोधून आणणे हे संकेतस्थळाच्या रचनेपेक्षा मोठे काम आहे आणि ते तुम्हालाच करावे लागेल.

एक इशाराही देतो. खेळाच्या तंत्राविषयीचे प्रश्न या व्यासपीठावर घेऊ नका. चढाई कशी करावी, वजन किती उतरवावे, हे त्याच्या प्रशिक्षकाचे क्षेत्र आहे. बाहेरच्या कोणी काही सांगितले आणि मुलाने ते सरावात करून पाहिले, की प्रशिक्षक त्या मुलावर डूख धरतात आणि जिमखाना सर (महाविद्यालयाचे क्रीडा शिक्षक) तुमच्या संकेतस्थळाचे नाव घेऊ देत नाहीत. म्हणून 'रेखाटन' यांच्या बटणांत तंत्राचे बटण नाही हे योग्यच आहे.

प्रतिसाद ३: कायद्याची_बाजू

वरील दोन्ही प्रतिसादांशी बहुतांश सहमत आहे. मात्र सुरक्षिततेचा मुद्दा अजून कोणी घेतलेला नाही आणि तो रचनेच्या आधी यावा असे वाटते.

कनिष्ठ महाविद्यालयातील अकरावी-बारावीची मुले तुमच्याकडे नोंदणी करत असतील, तर त्यांतील बहुसंख्य १८ वर्षांखालील आहेत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागते, आणि मुलांच्या वर्तनाचा माग ठेवणे किंवा त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांस मनाई आहे. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. म्हणजे तुमचे नवे संकेतस्थळ सुरू होईल आणि थोड्याच काळात त्या जबाबदाऱ्या लागू होतील. या अधिनियमातील मुलांविषयीच्या कर्तव्यांचा भंग झाल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लहान गटावर एवढा दंड बसेल असे मी म्हणत नाही, परंतु 'आम्ही काय, हौसेने चालवतो' हा बचाव होऊ शकत नाही. सर्वांत सोपा मार्ग हा, की पहिल्या टप्प्यात थेट संवाद केवळ १८ पूर्ण झालेल्यांसाठी ठेवावा आणि लहान मुलांना माहितीची पाने वाचू द्यावीत.

फोन क्रमांक, घरचा पत्ता, सरावाची जागा आणि वेळ यांपैकी काहीही ओळखपानावर दिसू नये. सरावाची वेळ विशेषतः नको. मुलगी रोज पहाटे साडेपाचला कोणत्या मैदानावर एकटी असते हे अनोळखी माणसाला कळण्याचे काहीच कारण नाही. संवाद संकेतस्थळावरच व्हावा, त्याची नोंद राहावी आणि गटातील एका जबाबदार व्यक्तीला ती पाहता यावी. प्रत्येक संवादाच्या वर तक्रारीचे बटण असावे. मार्गदर्शकाच्या प्रमाणपत्रांची शहानिशा केल्याशिवाय त्याचे नाव यादीत येऊ नये. खेळाची बनावट प्रमाणपत्रे हा आपल्या राज्यातला जुना रोग आहे.

आणखी एक. मार्गदर्शकांनी कोणतेही औषध, पावडर किंवा इंजेक्शन सुचवू नये, असा नियम लेखी असावा. उत्तेजकविरोधी नियमांनुसार खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. 'सरांनी सांगितले होते' याने ती टळत नाही.

चढाई_सात

कायद्याचे पटले, पण संवाद तिसऱ्या माणसाने वाचण्याविषयी माझा आक्षेप आहे. सिलेक्शनमध्ये डावलले, प्रशिक्षक पैसे मागतात, क्लब सोडायचा आहे, अशा गोष्टी मूल लिहिते ते एका माणसावर विश्वास ठेवून. कबड्डीत सगळे सगळ्यांना ओळखतात. तुमच्या गटातील ती जबाबदार व्यक्ती त्याच प्रशिक्षकाची जुनी सहकारी निघाली तर? 'हा संवाद इतर कोणी पाहू शकते' अशी पाटी वर दिसली की मुले पुन्हा 'सर, मार्गदर्शन करा' एवढ्यावर येतील.

कायद्याची_बाजू

आपला आक्षेप रास्त आहे. मधला मार्ग असा, की नोंद राहावी, पण ती नित्य वाचली जाऊ नये. दोघांपैकी कोणी तक्रार केली तरच, आणि तीही दोन व्यक्तींनी मिळून उघडावी. त्यांतील एक व्यक्ती खेळाच्या वर्तुळाबाहेरची असावी, आणि हे सर्व सोप्या शब्दांत खेळाडूला आधी सांगितलेले असावे. मात्र नोंदच नको, हे मला मान्य होणार नाही. आणि मुले-मार्गदर्शक पुढे व्हॉट्सॲपवर जातील, हे गृहीत धरावेच लागेल. ते रोखता येत नाही. तिथे गेल्यावर संकेतस्थळाचे संरक्षण उरत नाही, हे संवादाच्या चौकटीतच कायम दिसावे.

प्रतिसाद ४: शिरोरेघ

सर्व प्रतिसाद वाचले. भाषा आणि अक्षरांविषयी कोणी लिहिलेले नाही म्हणून थोडक्यात भर घालतो, कारण संकेतस्थळ मराठीत हवे असे आधी ठरते आणि बांधणारी कंपनी ते शेवटच्या आठवड्यात उरकते.

मांडणी इंग्रजीत करून मग मराठी मजकूर ओतला, तर ओळींतील अंतर कमी पडते, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रा-रफारांना टेकतात आणि बटणातील वेलांट्या कापल्या जातात. म्हणून पहिले रेखाटनच मराठी मजकुरावर व्हावे, तेही 'क्रीडा प्रमाणपत्र पडताळणी' यासारख्या लांब शब्दांवर. टंकासाठी (फॉन्टसाठी) खर्च करण्याची गरज नाही. मुंबईच्याच एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू हे टंक मुक्त परवान्याने मिळतात. मात्र फाइल लहान करण्याच्या नादात टंकातील जोडाक्षरे छाटली जाणार नाहीत, हे पाहावे. 'राष्ट्रीय' हा शब्द फुटलेला दिसला की समजावे, छाटणी झाली आहे.

शोधाची सोय करताना मुले कशी टंकतात ते लक्षात घ्यावे. तोच खेळ कोणी 'खो-खो', कोणी 'खोखो', तर बहुतेक जण रोमन लिपीत लिहितात. 'कऱ्हाड' किंवा 'दुसऱ्या' यांतील अर्धा र युनिकोडमध्ये (संगणकावरील अक्षरांच्या प्रमाणित संकेतांत) एकाहून अधिक प्रकारे टंकला जातो; डोळ्यांना एकच दिसणारे दोन शब्द संगणकाला वेगळे वाटतात आणि शोध रिकामा येतो. हे सर्व एकरूप करून घेण्याचे काम तंत्रज्ञाला दोन दिवसांचे आहे, फक्त त्याला ते आधी सांगावे लागते. आणि नोंदणीत नावासाठी दोन रकाने ठेवा: एक मराठीत, दुसरा प्रमाणपत्रावर आहे अगदी तसे. प्रमाणपत्रावरील आणि आधारवरील नावात एका अक्षराचा फरक असल्याने मुलांची किती धावपळ होते, हे 'चढाई_सात' यांना सांगायला नको.

दादर_पश्चिम

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल गटाची बैठक झाली. कंपनीला फीड, बिल्ले आणि ॲप वगळून नवा प्रस्ताव मागितला आहे. 'काय अडले आहे?' हे पान प्रथम बांधायचे, त्यासोबत प्रमाणपत्रे आणि परीक्षा या दोन विषयांची माहितीची पाने तयार करायची, आणि थेट संवाद १८ वर्षांवरील खेळाडूंपुरता ठेवायचा, इथवर एकमत झाले. तक्रार उघडणाऱ्या दोन व्यक्तींपैकी बाहेरची व्यक्ती कोण असावी यावर मात्र अजून चर्चा चालू आहे. एका महिला वकिलांशी बोलणे सुरू आहे. आता प्रश्न असा, की जुन्या संकेतस्थळावरील खाती आणि संदेश यांचे काय करावे, आणि नवे संकेतस्थळ केव्हा खुले करावे? कंपनी डिसेंबर म्हणते आहे.

रेखाटन

डिसेंबर नको. तेव्हा आंतरविद्यापीठ स्पर्धांचा मोसम ऐन भरात असतो. खेळाडू प्रवासात आणि मार्गदर्शक कार्यालयाच्या संघांत गुंतलेले असतात. प्रवेशांच्या सुमारास, म्हणजे जून-जुलैमध्ये खुले करा, तेव्हा महाविद्यालयांच्या जिमखान्यात नवी मुले नावे द्यायला येतात आणि एक छापील कागद तिथल्या फलकावर लावता येतो. त्याआधीचे दोन महिने दोनच खेळांसाठी चालवून पाहा. एक सांघिक घ्या, एक वैयक्तिक.

जुने संदेश नव्या ठिकाणी नेऊ नका. ते लिहिताना मुलांनी नव्या नियमांना संमती दिलेली नव्हती. प्रत्येक खातेदाराला ईमेल पाठवून आपली माहिती उतरवून घेण्यासाठी मुदत द्या आणि नंतर ती खरोखर पुसा, 'बंद' करून ठेवू नका. जुन्या पानांचे पत्ते मात्र नव्या पानांकडे कायमचे वळवून ठेवा, कारण काही महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर तुमचे जुने दुवे असतील आणि ते कोणी बदलणार नाही. हे वळवण्याचे काम कंपनीच्या करारात स्पष्ट लिहून घ्या, आणि संकेतस्थळाचा सगळा कोड, डोमेनची नोंदणी व परवलीचे शब्द गटाच्या नावे असतील असेही लिहून घ्या.

चढाई_सात

त्या दोन महिन्यांसाठी सांघिक खेळ कबड्डी घेणार असाल तर मला कळवा. पहिल्याच फेरीत हरलेली, पण आता बरी लागलेली चार-पाच मुले माझ्या ओळखीची आहेत. त्यांना लिहायला लावतो. एका ओळीत 'वाटेतील वळण' लिहिणे त्यांना अवघड जाईल, तेव्हा फॉर्म नुसता पाठवू नका, रविवारी सकाळी सरावानंतर समोर बसून भरून घ्या.